सेल बदलला तरी सेव्ह पुसला जातोच: सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटचं जुनाट दुखणं

तक्रार थोडक्यात अशी. सुपर फॅमिकॉममध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या जपानी गेम यंत्रात, ‘क्रोनो ट्रिगर’ या गेमची कॅसेट लावली की गेम सुरू होतो, चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. सेव्ह केला की होतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर सेव्ह जागच्या जागी. पंधरवड्यानेही असतो. आणि मग एखाद्या शनिवारी घरातली कामं उरकून, चहाचा कप घेऊन बसावं, तर सेव्हचे तिन्ही रकाने कोरे. नवा सेल बसवला, दोन महिने सुखात गेले, पुन्हा कोरे. पुन्हा सेल, पुन्हा दोन महिने. माझ्याकडे हे तीन वेळा झालं. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ‘सेल बदल.’ अरे बाबा, सेल बदलून बदलूनच तर ही वेळ आलीय.

शेवटी दोष सापडला आणि तो सेलमध्ये नव्हता. तो कसा शोधला आणि तुमच्या कॅसेटमध्ये कसा शोधायचा, ते लिहितोय. माझी कॅसेट ‘क्रोनो ट्रिगर’ची आहे म्हणून तिचं नाव घेतोय. ‘फायनल फँटसी’चा सहावा भाग असो की ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पाचवा, सुपर फॅमिकॉमवर सेलच्या जिवावर सेव्ह सांभाळणाऱ्या कुठल्याही कॅसेटला हेच लागू पडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या लहानपणी पुण्यात घरोघरी असायचा तो फॅमिकॉमची, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या यंत्राची, नक्कल असलेला आठ बिटी डबा. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९ गेम’, आत खरे चार. सुपर फॅमिकॉम आमच्या गल्लीत कुणी पाहिलाही नव्हता. ‘क्रोनो ट्रिगर’ मी पहिल्यांदा खेळलो तो कॉलेजात, मित्राच्या कॉम्प्युटरवर, एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. पुढे कामानिमित्त टोकियोत राहायला गेलो, निशि-कासाईला. तिथे एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेच्या कपाटात, हा पिवळट पडलेला करडा डबा आणि शेजारी ही कॅसेट दिसली. तोवर जपानी वाचायला बऱ्यापैकी येत होतं. म्हटलं, आता मूळ भाषेत, मूळ यंत्रावर. हाच गेम प्लेस्टेशनवर १९९९ मध्ये, निन्टेन्डो डीएसवर २००८ मध्ये आणि कॉम्प्युटरवर २०१८ मध्ये आला, हे मला माहीत आहे. फोनवरही मिळतो. तो पण घेतलाय. पण पिठलं कुठल्याही भांड्यात होतं म्हणून लोखंडी कढई कुणी टाकून देत नाही.

कॅसेटच्या आत काय चालतं, हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ‘क्रोनो ट्रिगर’ ११ मार्च १९९५ ला जपानात आला, किंमत ११,४०० येन. एवढी किंमत असण्याचं एक कारण म्हणजे कॅसेटमधली ३२ मेगाबिटची, म्हणजे ४ मेगाबाइटची चिप. त्या चिपवर लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. तुमचा सेव्ह जातो शेजारच्या दुसऱ्या, छोट्या चिपवर; ती अवघी ८ किलोबाइटची. तिच्यावर लिहिता येतं, पण वीज तुटली की ती सगळं विसरते. यंत्र चालू असतं तेव्हा तिला यंत्राची ५ व्होल्टची वीज मिळते. यंत्र बंद झालं की बोर्डावरचं छोटं सर्किट तिला ३ व्होल्टच्या बटण सेलकडे वळवतं. सेल सीआर २०३२, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असतो तोच. तो सेल त्या चिपला जेमतेम जागं ठेवतो. त्याला झोप लागली की तुमचे पन्नास तास गेले.

हे नशीब नवीन नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे पहिले दोन भाग फॅमिकॉमवर सेलशिवाय चालायचे, खेळ थांबवताना पडद्यावर जपानी अक्षरांचा लांबलचक मंत्र यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत जायचा, एक अक्षर चुकलं की संपलं. १९८८ च्या तिसऱ्या भागात सेल आला आणि मुलं सुटली. पण सेव्ह बिघडला की पडद्यावर ‘तुमची साहसाची वही नाहीशी झाली’ अशा अर्थाची ओळ यायची, आणि वर शापित वस्तू अंगाला चिकटल्यावर वाजते तीच धून. टोकियोतल्या ऑफिसातल्या एका पंचेचाळिशीच्या सहकाऱ्याला मी माझी रड सांगितली, तर त्याने काही न बोलता ती धून तोंडाने वाजवून दाखवली.

जाता जाता एक गैरसमज. यंत्र बंद करताना रिसेटचं बटण दाबून धरा असा सल्ला अजून फिरतो. तो फॅमिकॉमच्या काळातला आहे. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये वीज घसरली की लिहिणं रोखणारं सर्किट असतं. दाबून धरलंत तर बिघडत काही नाही, पण आपल्या रोगावर ते औषधही नाही.

सेव्ह गेला हे सगळेच सांगतात, कसा गेला ते कुणी सांगत नाही

डॉक्टर विचारतात ना, ताप संध्याकाळी येतो की दिवसभर असतो, तसंच इथे. तीन रकान्यांपैकी एकच गेला आणि बाकीचे दोन शाबूत, तर सेलला दोष देऊ नका. सेल गेला की चिप सगळंच विसरते, निवडून एक रकाना विसरत नाही. गेम प्रत्येक रकान्याच्या मजकुराची बेरीज करून ठेवतो आणि सुरू होताना ती पुन्हा जुळवून बघतो. बेरीज जुळली नाही की तो रकाना रिकामा मानतो. बेरीज बिघडते ती बहुतेक वेळा लिहिण्याच्या क्षणी काही गडबड झाली म्हणून: नेमकी तेव्हा लाइट गेली, इन्व्हर्टरवर जाताना झटका बसला, कॅसेटला धक्का लागला किंवा पिना मळलेल्या होत्या. पिना पुसा आणि सेव्ह करताना यंत्राला हात लावू नका, बस.

तिन्ही एकदम जात असतील तर वीज तुटते आहे. मग प्रश्न उरतो तो किती वेळाने, एवढाच.

त्यासाठी चाचणी करायची, आणि ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये ती मजेत होते. नवा गेम सुरू करा. लढाईची पद्धत विचारेल, कुठलीही निवडा. नाव विचारेल, आहे ते राहू द्या. आई येऊन पडदे सरकवते, खोलीत ऊन येतं, लांबून घंटा ऐकू येते. जिना उतरा. दाराशी आई थांबवते, त्या यंत्रवेड्या मैत्रिणीचं नाव काय म्हणून विचारते, जत्रेसाठी २०० जी (गेममधले पैसे) हातावर ठेवते. बाहेर पडलात की नकाशा. नकाशावर कुठेही सेव्ह करता येतं: एक्स दाबा, मेनूतून सेव्ह, पहिला रकाना. सगळं मिळून तीन मिनिटं. या महिन्यांमध्ये मी ते पडदे इतक्या वेळा उघडताना पाहिलेत की आमची मुलगी त्या आईला ‘ऊन आजी’ म्हणते.

आता यंत्र बंद करा आणि निदान पाच मिनिटं थांबा. दहा सेकंदांत परत लावून ‘टिकला, टिकला’ म्हणू नका. बोर्डावरच्या कपॅसिटरांत उरलेल्या विजेवरही चिप थोडा वेळ तग धरते. पाच मिनिटांत गेला, तर सेल पूर्ण मेला आहे किंवा जोडलेलाच नाही. रात्रभरात गेला, तर सेल शेवटच्या घटका मोजतोय. सेव्ह टिकतो, पण कॅसेट काढून टेबलावर आपटली किंवा पिशवीतून नेली की जातो, तर सेलचा टाका सुटलाय. आणि आठवडे टिकून मग जातो, सेल बदलला की पुन्हा तेवढेच आठवडे टिकतो, तर तुम्ही माझ्या पंगतीत बसलात.

पहिला सेल

माझ्या कॅसेटचा मूळ सेल पुण्यात आल्यावर मरायला टेकला. तोवर तिसऱ्या रकान्यात मूळ मालकाचा सेव्ह होता, शेवटच्या लढाईच्या तोंडावर आणून सोडलेला, नाव हिरागाना या जपानी लिपीत, चार अक्षरांचं. कुणाचं तरी बालपण. मी तो हात न लावता ठेवला होता.

दुरुस्तीला एका दुकानात दिली. दुकानाचं नाव घेत नाही. दुकानातल्या काकांनी सांगितलं, ‘संध्याकाळी घेऊन जा.’ संध्याकाळी कॅसेट मिळाली, सेव्ह होत होता, शंभर रुपये दिले. जुना सेल काढला त्या क्षणी तो चार अक्षरांचा मुलगा गेला, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. तुम्ही ती करू नका. कॅसेटमधला जुना सेव्ह तुम्हाला हवा असेल तर सेलला हात लावण्याआधी कार्ट्रिज रीडरने (कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि नवा सेल बसल्यावर परत चढवा. काही जण कॅसेट उघडी करून यंत्रात लावतात, यंत्र चालू ठेवतात आणि तशात सेल बदलतात, म्हणजे चिपला वीज मिळत राहते. होतं तसं. पण चालू यंत्रावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री घेऊन वाकायचं, एक थेंब सोल्डर भलतीकडे पडला की सेव्ह, कॅसेट आणि यंत्र तिन्ही. मी नाही करणार.

दोन महिन्यांनी सेव्ह गेल्यावर मी स्वतः कॅसेट उघडली. तिचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो, ऑनलाइन सहज मिळतो. (यंत्र उघडायला ४.५ चा. दोन्ही एकत्रच घ्या.) उघडून बघतो तर साधा, पाय नसलेला सेल, दोन वायरी आणि वर इन्सुलेशन टेप. दाबाने टेकलेल्या वायरी. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो, वायर सरकते, संपलं. तुमच्या कॅसेटमध्ये टेप दिसली तर पुढचं वाचत बसू नका, आधी ती काढा.

मीही पुढची चूक केली ती मग. बुधवार पेठेतून पाय असलेला सीआर २०३२ आणला, घरातली इस्त्री तापवली, डबीतली पिवळी सोल्डरिंग पेस्ट भरपूर लावली, टाके चकचकीत बसले. मीटर लावला, ३.२ व्होल्ट. छाती फुगली. दोन महिने. कोरे.

तिसऱ्यांदा वाटलं सेलच नकली. बटण सेल नकली मिळतात हे खरंच आहे. चांगल्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातला आणला. त्याच पेस्टने लावला. दोन महिने.

इथे डोकं ठिकाणावर आलं. तीन वेगळे सेल, मरायची मुदत एकच. मग सेल मरत नाहीयेत, कुणीतरी त्यांना पितंय.

गळती मोजायची कशी

हिशोब बघा. सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. ती चिप झोपेत एखाद-दुसरा मायक्रोअँपिअर घेते. एक मायक्रोअँपिअर धरला तर २,२०,००० तास, म्हणजे पंचवीस वर्षं. सेल स्वतःहूनही थोडा झिजतो, तरी पंधरा-वीस वर्षं जायला हरकत नाही. म्हणून तर १९९५ च्या कॅसेटी इतकी वर्षं पुरल्या. दोन महिन्यांत सेल आटत असेल तर गळती शंभर मायक्रोअँपिअरच्या वर हवी. व्होल्टेज मोजून हे कधीच कळत नाही. सेल भरलेला असेतो मीटर तीनच दाखवणार, मडक्याला तडा असला तरी पाणी भरल्याभरल्या काठोकाठच दिसतं.

गळती मोजायला महाग उपकरण लागत नाही. दोनेकशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर आणि एक किलोओहमचा एक रेझिस्टर, झालं. कॅसेटचा बोर्ड बाहेर काढा, जुना सेल सोडवा. नव्या सेलचा ऋण पाय बोर्डावरच्या ऋण जागेला वायरने जोडा. धन पाय थेट जोडायचा नाही, मध्ये तो रेझिस्टर घालायचा. मगरीच्या चिमट्यांनी जोडलं तरी चालतं. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि त्याच्या दोन काड्या रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. एक किलोओहम असल्यामुळे जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच मायक्रोअँपिअर. गणित करायलाच नको.

मी ऑगस्टमध्ये मोजलं, बाहेर चार दिवसांची झड लागलेली. मीटरवर १३८. क्षणभर वाटलं दशांश चिन्ह चुकलं. नाही. १३८ मायक्रोअँपिअर. २२० ला भागा: सुमारे १,६०० तास, म्हणजे सहासष्ट दिवस. तीन वेळचे दोन महिने तिथल्या तिथे जुळले.

मग गंमत केली. बोर्डावर तोंडाने वाफ सोडली, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. आकडा चढत चढत २०० च्या पार जाऊन मीटरवर नुसता एक उरला. बायकोचा हेअर ड्रायर लांबून फिरवला, आकडा उतरत नव्वदीत आला. दमटपणाबरोबर वरखाली होणारी गळती चिपच्या आत नसते, बोर्डाच्या पाठीवर असते. भिंग लावून पाहिलं. सेलच्या दोन टाक्यांभोवती आणि तिथून चिपच्या पायांपर्यंत पिवळसर, चिकट साय. माझी पेस्ट. ती स्वस्त पेस्ट पत्रे आणि जाड वायरी जोडायला ठीक आहे. तिच्यात आम्ल असतं, ती पुरती जळून जात नाही, हवेतलं पाणी ओढते, आणि मग ती नुसती घाण राहत नाही, ती वायर होते. धन आणि ऋण यांच्यामधली बारीकशी, न दिसणारी वायर. दोन सेल मी या सायीला पाजले होते. पहिला काकांनी पाजला असेल. टेपखालीही तसलाच चिकटा होता.

उपाय अगदीच घरगुती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना, मऊ दाताचा ब्रश. सेल सोडवून ठेवा, बोर्ड तिरपा धरा, अल्कोहोल ओता, घासा आणि मुख्य म्हणजे विरघळलेली घाण स्वच्छ कपड्याने टिपून घ्या. नुसतं घासून सोडलंत तर ती पातळ होऊन सगळीकडे पसरते, आधी दोन टाक्यांभोवती होती ती चिपच्या सगळ्या पायांत जाऊन बसते. तीनदा तरी करा. चिपच्या पायांमधून ब्रश फिरवा, बोर्ड उलटा करून मागूनही. मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालवू नका, त्यात पाणी आणि तेलकट काहीबाही असतं. धुतल्यावर रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, ओल्या बोर्डावर मोजलंत तर आकडा बघून उगाच घाबराल.

सकाळी मोजलं. १.३.

एक पूर्णांक तीन. त्याच बोर्डावर, त्याच चिपवर, त्याच सेलवर. म्हणजे कागदावर एकोणीस वर्षं.

तुमच्याकडे आकडा एक-दोनच्या आसपास आला, तर बोर्ड निर्दोष आहे, खरंच सेल किंवा टाकाच कच्चा होता. दहाच्या वर आला तर धुवा. दहा म्हणजे अडीच वर्षं, आणि ती सेलला शोभत नाहीत. पन्नासच्या वर असेल आणि तीनदा धुऊन, वाळवूनही हलत नसेल, वाफ सोडली तरी ढिम्म, तर मग ती आठ किलोबाइटची चिपच आतून गळतेय. असं क्वचित होतं. ६२६४ जातीची, कमी वीज खाणारी चिप मिळते, पण २८ पाय सोडवून २८ पाय लावायचे. हात बसलेला नसेल तर सराईत माणसाकडे द्या. सेलच लागत नाही अशी एफरॅम चिप लावणारेही लोक आहेत. मला तो खटाटोप एवढ्यासाठी नको वाटला.

सेल लावताना

टाके मारण्याबद्दल फार लिहीत नाही, पण तीन गोष्टी जिथे लोक फसतात. सेलच्या पत्र्यावर थेट सोल्डर मारू नका. लिथियमचा सेल तापला की फुटतो, डोळ्यासमोर. पाय आधीच वेल्ड केलेला सेल घ्या. दुकानात नुसतं ‘मदरबोर्डचा सेल’ म्हणालात तर बिनपायाचा देतील, ‘सोल्डरवाला, टॅगचा’ असं सांगा. दुसरं, जुना सेल काढताना पाय तापवून सोल्डर पाघळू द्या आणि मग उचला. उचकटून काढलात तर बोर्डावरची तांब्याची पट्टी सोबत येते. तिसरं, पेस्टची डबी लांब ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डर तारेच्या पोटात राळेचं फ्लक्स असतं, या कामाला तेवढं पुरतं. तरी नंतर एकदा अल्कोहोलने पुसाच.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यात आधी. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका तासा-दोन तासांत भाजते.

पिना पुसायला तेच अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. काडी काळी येत राहील, काळी यायची थांबेपर्यंत पुसा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली पिढीजात सवय मात्र सोडा. फुंकून काही होत नव्हतं, कॅसेट परत नीट बसत होती म्हणून गेम लागत होता. थुंकीने पिना मात्र गंजत होत्या.

आणि अडॅप्टर, कारण सेव्ह जाण्याच्या नादात यंत्रच घालवलेले लोक मला माहीत आहेत. जपानातला सुपर फॅमिकॉमचा अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे. आपल्याकडच्या २३० च्या सॉकेटमध्ये तो थेट खुपसला की वास येतो आणि विषय संपतो. २३० वरून १०० वर आणणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. किंवा इथलाच अडॅप्टर वापरायचा तर मूळचा १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, डीसी आहे, आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आहे. आपल्या घरातल्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये मधला भाग धन असतो. पिन अगदी मापात बसते, म्हणूनच घात होतो. उलटी वीज गेली की यंत्राच्या आतला फ्यूज उडतो. अडॅप्टरवरचं ते छोटं वर्तुळाचं चित्र नीट बघा, दुकानदारावर सोडू नका.

अमेरिकन कॅसेट या यंत्रात जात नाही ती नुसत्या आकारामुळे, परदेशी कॅसेट अडवणारं आतलं कुलूप जपान आणि अमेरिकेचं एकच आहे. युरोपातलं वेगळं, तसाही ‘क्रोनो ट्रिगर’ सुपर निन्टेन्डोवर (सुपर फॅमिकॉमचं जपानबाहेरचं नाव) युरोपात कधी निघालाच नाही. तेव्हा युरोपातल्या डब्यावर हे नाव दिसलं तर हसून पुढे जा. इंग्रजी कॅसेट फार स्वस्तात मिळत असेल तर तीही बहुधा नव्याने छापलेली नक्कल; तिच्या आत सेल असेलच असं नाही आणि वर लिहिलेलं काहीच तिला लागू नाही.

बोर्ड बंद करण्याआधी मी एक बारीक चिठ्ठी कवचाच्या आतल्या बाजूला चिकटवली: सेल लावल्याची तारीख आणि १.३ हा आकडा. पुढच्या पावसाळ्यात उघडून पुन्हा मोजणार आहे. कॅसेट आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

ऑगस्टनंतर नऊ महिने झाले, तिन्ही रकाने भरलेले आहेत. या घोळात जत्रा मी चार वेळा पार केली. तिथे एका म्हाताऱ्याचा जेवणाचा डबा टेबलावर असतो. बटण दाबलं की तुम्ही तो खाऊन टाकता आणि पुढे कोर्टात तोच म्हातारा तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो. पहिल्या तिन्ही वेळा घाईघाईत बटण दाबलं गेलं. या वेळी डब्याला हात लावला नाही, हरवलेली मांजरही पोरीला नेऊन दिली, पंचांनी निर्दोष ठरवलं. तरी प्रधानाने तुरुंगात टाकलंच. तिथूनच, कोठडीत सेव्ह करून, उठलोय.